आफ्रिका नावाचा एकच देश

अलकनंदाच्या नाकावर राग असतो, असं डब्लिनच्या ओंगार उपनगरातलं अख्खं मराठी मंडळ म्हणतं. असतोच. का नसावा? बाई वयाच्या पाचव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत झांबियात वाढली. तिथल्या तांब्याच्या खाणींच्या गावात, मुफुलिरात, तिचे वडील नंदकुमार गणित शिकवायला गेले होते. आता पन्नाशी उलटली, डब्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत केस पिकले, तरी दर हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, ‘आफ्रिकेत म्हणजे जंगलातच राहायचात ना हो? सिंह दिसायचे?’ मेल्यांनो, नळाला पाणी होतं, शाळेला घंटा होती, आणि सिंह तिनं पहिल्यांदा बघितला तो पुण्याला सुट्टीत आल्यावर, पिंजऱ्यात.

म्हणून यंदा गणपतीत मुलांच्या कार्यक्रमाचा विषय ‘देशोदेशीची मुलं’ ठरला, तेव्हा तिनं हट्टानं झांबिया मागून घेतला. कारणही तसंच होतं. मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर यांची मुलगी इशिता उन्हाळ्यात बसस्टॉपवर उभी होती. टवाळ पोरांनी ‘आपल्या देशात चालते व्हा’ म्हणत तिला दगड मारला. भुवईवर टाके पडले. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात चिलेशे नावाची झांबियन नर्स ड्युटी संपल्यावरही पोरीचा हात धरून बसून राहिली. पुढच्या मीटिंगमध्ये मोरेश्वर सगळ्यांसमोर रडले. रंगावरून हिणवणारी माणसं माणसंच नव्हेत, असं म्हणाले. चिलेशेला गणपतीचं आमंत्रण त्यांनीच दिलं, आणि मानाची आरती तिच्या हातून करायचं ठरलं. त्या बाईनं एकदा तरी आपला देश नीट मांडलेला बघावा, एवढंच अलकनंदाच्या मनात होतं.

रविवारी पोरांना गोळा करून ती शिकवायला बसली. भिंतीवर नकाशा लावला. झांबियाच्या पोटात कोपर खुपसल्यासारखा काँगोचा तुकडा घुसलाय, तो दाखवला. युरोपातल्या लोकांनी ती जमीन न बघता रेषा मारल्या, म्हणून मुफुलिराच्या माणसाला आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर दुसरा देश ओलांडावा लागतो किंवा लांबचा वळसा. पोरं आयरिश शाळेतली, आयर्लंडच्या फाळणीचा धडा शिकलेली, रेषेचं दुःख त्यांना पटकन कळलं. मग तिनं सांगितलं, की एका ब्रिटिश कंपनीनं आधी तिथल्या राजाचा अंगठा घेतला, मग प्रत्येक झोपडीवर कर बसवला. कर रोख भरायचा, आणि रोख मिळायची ती गोऱ्यांच्या शेतांवर नाहीतर खाणींत. म्हणजे माणसं आपोआप खाणीत. इशितानं इंग्रजीत विचारलं, की मग ही चोरीच ना? अलकनंदाला त्या दिवशी पोरीचा मुका घ्यावासा वाटला.

नाच बसवायचं काम मंडळातल्या यामिनीकडे होतं. तिला अलकनंदानं ट्रंकेतले आईचे जुने चितेंगे दिले. चितेंगे म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ती रंगीत कापडं. यामिनी म्हणाली, ‘ग्रँड! बाकी माझ्यावर सोड.’ अलकनंदानं सोडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती हॉलमागच्या खोलीत शिरली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांच्या कमरेला क्रेप कागदाची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि यामिनी एकेकाच्या तोंडाला काळा रंग फासतेय. आपल्या शाळेच्या गॅदरिंगला आदिवासी नृत्य असंच असायचं, म्हणे. चितेंगे? ते वड्यांच्या ट्रेखाली अंथरले होते, टेबलाला डाग नको म्हणून.

अलकनंदानं मोरेश्वरांना गाठलं. आत्ताच्या आत्ता पोरांची तोंडं धुवा म्हणाली. ते माइकच्या वायरीत गुंतले होते. “अहो, पोरांचा नाच आहे,” ते म्हणाले. “इतकं मनाला काय लावून घेता?”

“इशिताला दगड लागला तेव्हा तुम्ही का लावून घेतलंत?”

ते वेगळं, असं ते पुटपुटले. वेगळंच तर काय! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

तेवढ्यात दारात गडबड झाली. पाहुणी आली होती, आणि पाहुणीचं स्वागत करायचं काम इशिताचं होतं. चिलेशे ठेवणीतला चितेंगे नेसून, हातात केकचा डबा घेऊन हसत उभी. समोर हळदीकुंकवाचं तबक धरलेली, तोंडाला काळं फासलेली, पानं बांधलेली पोर. चिलेशेचं हसू मावळलं. तिनं पोरीला ओळखलं नाही. मग ओळखलं.

तिनं डबा खाली ठेवला, पर्समधला ओला टिश्यू काढला आणि ती इशिताची भुवई हळूहळू पुसायला लागली. रंगाखालून टाक्यांचा वण वर आला.

“जखम छान भरलीय,” ती इंग्रजीत म्हणाली. मग तिनं आजूबाजूच्या पोरांकडे पाहिलं, मोरेश्वरांकडे पाहिलं, आणि पर्स खांद्याला लावून आली तशी निघाली. इशिता तबक धरून हमसून हमसून रडत राहिली.

मोरेश्वर माइक हातात घेऊन तसेच उभे. “आरतीचं आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

अलकनंदानं ट्रे एकेक करून बाजूला केले आणि तेलानं माखलेले आईचे चितेंगे छातीशी धरले.

“तुम्हीच करा,” ती म्हणाली, “आणि आधी तोंड धुऊन या,” आणि चिलेशेच्या मागोमाग बाहेर पडली.