भोकाचा पाव आणि वरचा ऐवज

मंडळी, एक सांगा, खाण्याच्या बाबतीत भरवसा कुणावर ठेवायचा? आचाऱ्यावर, दुकानदारावर, का गिऱ्हाइकाच्या जिभेवर? मी शाळेत गेलो न्हाय, पुडीच्या कागदांवरून अक्षरं शिकलो. पण सास्तूरला माझ्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून एक कळलं. पोत्यातली डाळ संपते, बुडाशी किस्से तेवढे उरतात. करीमचाचाच्या पावाचे तर पोतंभर हायत!

निजामाचं राज्य, तिकडं दूर लढाई चाललेली. करीमचाचा आमच्या गावचाच, पण सिकंदराबादच्या लष्करी छावणीत खानसामा. तिथल्या कुणा परदेशी आचाऱ्याकडून तो एक अजब पाव शिकला. पिठाचं कडं वळायचं, आधी उकळत्या पाण्यात बुडवायचं, मग भट्टीत भाजायचं. मधोमध भोक! म्हातारी आई गावात एकटी, म्हणून चाचा नोकरी सोडून आला आणि माझ्या दुकानाला लागून त्यानं भट्टी घातली.

पोळ्यापर्यंतची मुदत घालून मला म्हणाला, "आप्पा, पोले तक चला तो रहतूँ. नै तो वापस छावनी. अम्मा तो गाँव छोडके आती नै."

•

पहिल्याच बाजाराला माकणीचे दगडूबा आले. पाव डोळ्याला लावून त्यांनी भोकातून माझ्याकडं पाहिलं.

"मधलं कुणी खाल्लं?"

"ऐसाच बनता, दगडूबा," चाचा म्हणाला.

"मग भोकाचं वजा करा!"

चाचा रडकुंडीला आला. मी मधे पडलो. "दगडूबा, भोक फुकट हाय. पैसे नुसत्या कड्याचे!"

दगडूबा खूश! जोडी घेतली, एक घास तोडला, बराच वेळ चावला आणि उरलेलं धोतराच्या सोग्यात बांधलं.

"आप्पा, खायला कोरडं हाय. पण बैलाच्या शिंगात लई शोभंल!"

त्या दिवशी आम्हाला उमगलं, वर काहीतरी घातल्याशिवाय हे कडं घशाखाली उतरायचं न्हाय.

•

पहिला प्रयोग शेंगदाण्याच्या चटणीचा. वर करडईच्या तेलाची सढळ धार. पहिलं गिऱ्हाईक तहसिलीतले पेशकारसाहेब, अंगात पांढरीशुभ्र शेरवानी. साहेबांनी पाव तोंडाशी नेला आणि भोकातून लालभडक तेल सरळ छातीवर!

"आप्पा, ये रोटी है या परनाला?"

पावाला पन्हळ ठरवून साहेब तरातरा निघून गेले. चाचा फडकं घेऊन मागं धावला. आतून आमची कारभारीण पार्वती म्हणाली, "त्यात काय एवढं? भोकात भरली मिरची उभी करा. बूच बसंल!"

दुसऱ्या दिवशी साहेब परत आले. काळी शेरवानी घालून!

•

माझी सासुरवाड भूमची. सासऱ्यांना तिकडच्या खव्याचा भारी अभिमान. एकदा ताजा खवा घेऊन आले. चाचानं वेलदोडा घालून तो पावावर थापला आणि भोकात एक पेढा बसवला.

सासऱ्यांनी पेढा अलगद उचलून तोंडात टाकला. मग बोटानं खवा निपटून खाल्ला. पाव तसाच चाचाच्या हातात ठेवून म्हणाले, "देव झकास होता. हा घ्या त्याचा पाट!"

•

गावात एक पैलवान होता. चाचानं त्याला अदबीनं विचारलं, "पैलवान, ऊपर क्या डालूँ? जो ऑर्डर करिंगे वो!"

"वर?" पैलवान विचारात पडला. "वर आणखी एक पाव घाल!"

•

एवढं होऊनही पेठेतल्या बायका भट्टीकडं फिरकत नव्हत्या. गुरुबाईआजी खाईल ते पेठ खाणार, हा आमच्याकडचा कायदा. पण आजी म्हणे, "भोक पडलेलं ते भांडं असो का पाव, घरात आणू नये!" पोळा उद्यावर आला. चाचानं गपचूप वळकटी बांधली. आई उंबऱ्यात बसून नुसती बघत होती.

आणि त्याच दिवशी आजी स्वतः ओट्यावर हजर! बहुतेक पार्वतीनं वळकटीचं कानावर घातलं असावं.

"वरी काय घालतूस रं?"

"अम्मा, जो बोलिंगे!"

आजींचं माहेर कानडी मुलखातलं. गुळाला त्या जन्मभर कानडीत 'बेल्ल'च म्हणत आल्या. म्हणाल्या, "थोडं बेल्ल घाल."

चाचाला उर्दू येई, मराठी येई, छावणीतली इंग्रजीही येई. कानडी तेवढी येत नसे. तो उठला आणि पळतच सुटला! कुठं गेला, कुणाला कळेना. धापा टाकत आला तो महादेवाच्या गुरवाकडून बेलाची पानं मागून. पानं धुतली, पुसली, आणि एक त्रिदळ दोन्ही हातांनी पावावर ठेवून पाव आजींसमोर धरला.

माझ्या हातात तराजू तसाच लोंबकळत राहिला.

आजींनी पानाकडं पाहिलं. चाचाच्या घामेजल्या तोंडाकडं पाहिलं. बेल उचलून डोळ्यांना लावला, पदराच्या गाठीत बांधला आणि तिथंच ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"बेल वाहिलास, बाबा. आता बेल्ल घाल!"

दुसऱ्या दिवशी पोळ्याला माकणीचे दगडूबा बैल मिरवीत मुद्दाम आमच्या गल्लीतून गेले. चारी शिंगांत नवी घेतलेली चार कडी! भट्टीपुढं पेठेतल्या बायकांची ही गर्दी, आणि चाचाची आई वळकटी उलगडून अंथरूण उन्हात घालत होती.

तेवढ्यात दगडूबा ओरडले, "आप्पा, आज भोकं भरली हायत बरं का! त्याचं काय लावता?"

तेव्हा मंडळी, तुम्ही कधी भट्टी घातलीत तर हिशोब इमानानं ठेवा. भोकाचासुद्धा!