एकावर एक पडलेले ठिपके

आरोग्य खात्यातल्या त्या गृहस्थांना सगळे ठिपकेवाले म्हणत. काविळीचा रोगी सापडला की नकाशावर त्याच्या पत्त्यावर ठिपका द्यायचा, आणि ठिपके कुठे उगाच दाटलेत की तिथे खरंच काही मुरतंय, हे कॉम्प्युटरवर आकडेमोडीचं मॉडेल लावून ठरवायचं, हे त्यांचं काम. डोकं तल्लख होतं. फक्त काम अडलं की गड्याला धीर धरवत नसे.

त्या साथीत साठ रोग्यांपैकी बावीस जणांचे पत्ते अर्धवट होते. कॉम्प्युटरने ते सगळे वॉर्डाच्या मधोमध, एकाच जागी टाकले. एकावर एक पडलेले ठिपके मॉडेल घेईना. दुसऱ्या दिवसापासून रजा होती. ठिपकेवाल्यांनी बावीसच्या बावीस ठिपके जरा जरा इकडेतिकडे सरकवले, पत्ते काही पाहिले नाहीत. मॉडेल सुरळीत चाललं आणि मधोमध, रोगाचं मूळ इथेच म्हणून, लालभडक डाग उमटला. डागाच्या पोटात मावशींची खानावळ होती.

तिथे ठिपकेवाले अकरा वर्षं दोन्ही वेळा जेवत. तपासणीत पाणी स्वच्छ निघालं, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. रजेवरून परतल्यावर ठिपकेवालेही गुपचूप दुसरीकडे जेवू लागले. दोन महिन्यांत खानावळीला टाळं लागलं.

पुढे जुनी फाइल चाळताना ते बावीस अर्धवट पत्ते समोर आले, लाल डाग आपणच सरकवलेल्या ठिपक्यांचा होता हे लक्षात आलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरता?" पण ठिपकेवाल्यांना स्वतःचं तोंड आरशात बघवेना. त्यांनी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं, सही केली आणि ते घेऊन मावशींकडे गेले.

बाकं विकून रिकाम्या झालेल्या खोलीत मावशी शिंप्याकडच्या शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या.

"मावशी, चूक माझी होती. हे पत्र दारोदार जाऊन वाचून दाखवतो."

"दाखव. पण लोकांनी तुझा नकाशा कुठे पाहिला होता रे? ते तुझं ताट बघायचे. विचारायचे, ठिपकेवाले अजून इथेच जेवतात ना? मी म्हणायचे, रजेवर गेलाय, येईल आता."

ठिपकेवाल्यांनी पत्राची घडी घातली.

"तुझी रजा संपल्यावर आठ दिवस ताट वाढून ठेवत होते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दाताने दोरा तोडला.