पाटाला फुटलेला दुसरा डोळा

सर्व भावकीस, शेजाऱ्यापाजाऱ्यांस आणि घरात करवत बाळगणाऱ्या तमाम गृहस्थांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, मी गिटार बनवली आहे. विकत आणलेली नाही. सुट्या भागांचं खोकं मागवून स्क्रू पिळलेली नाही. बनवली आहे! चौदा महिने खपून, स्वतःच्या हातांनी, गोठ्यात. आणि त्या गिटारीवर आजतागायत मला एकही गाणं वाजवता आलेलं नाही. याचं कारण संगीतात नाही, हळदीत आहे.

मी किन्हवलीत राहतो आणि शहापूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. म्हशी विकल्यावर आमचा गोठा रिकामा झाला. माधवीला (म्हणजे माझ्या बायकोला) तिथे लाकूडफाटा ठेवायचा होता. मीही तिथे लाकूडच ठेवलं, पण त्याला कार्यशाळा म्हटलं. पहिल्या महिन्यात स्टूल केलं. त्याला चार पाय होते, पण एका वेळी त्यातले तीनच जमिनीला लागायचे. मग फळी केली. तिच्यावर ठेवलेली कुठलीही गोल वस्तू आपणहून घराबाहेर जायची. अशी भक्कम पायाभरणी झाल्यावर मी गिटारीला हात घातला.

गिटारीच्या दोन्ही कुशींच्या पट्ट्या पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर वाकवाव्या लागतात. सात मोडल्या. आठवी वाकली, तेव्हा मी आनंदाने इतक्या जोरात ओरडलो की माधवी पाण्याची बादली घेऊन धावत आली. तिला वाटलं, मी पेटलो. पट्ट्यांना आतून गोंद लावून चिमट्यांनी आवळावं लागतं, त्यासाठी मी घरातले कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे नेले. त्या आठवड्यात वारा सुटला आणि माझा लेंगा शेजारच्या आंब्यावर तीन दिवस मुक्कामाला होता.

येणारेजाणारे गोठ्यात डोकावायचे. "होडी काय मास्तर?" "पोपटाला घर करताव का?" एकाने नुसतंच आत बघितलं, बाहेर जाऊन माधवीला हळूच विचारलं, "मास्तरांची तब्येत बरी हाय ना?"

प्रश्न उरला होता गिटारीच्या पाठीचा. त्याला रुंद, मुरलेलं, हलकं लाकूड लागतं. आणि एके दिवशी, गव्हाणीच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली एक फळी सापडली! काळीकुट्ट, तेलकट, चांगली दोन हात लांब. बोटाने वाजवली. टण्ण! शिवण! इतकं जुनं शिवणीचं लाकूड आता डोळ्यांना दिसत नाही. मी फळी छातीशी धरून नाचत घरात गेलो.

"हे बघ! गोठ्यात होतं!"

माधवीने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही कापणार?"

"मग काय पूजा करू?"

ती काहीच बोलली नाही. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी ती गप्प बसली की मी त्याला संमती समजतो. गणितात इतकी मोठी चूक मी कधी केलेली नाही.)

आटगावच्या एका वखारीत जाऊन मी ती फळी जाडीतून उभी चिरून घेतली. वहीचं पान उलगडावं तसे दोन पातळ तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मधोमध जोडायचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा आरशासारख्या जुळतात. फळीत एक मोठी गाठ होती, ती दोन्हीकडे आली. काजळी रंध्याने तासून काढल्यावर सोनेरी पाठीवरून दोन टपोरे डोळे माझ्याकडे बघू लागले. निसर्गाची काय ही कलाकुसर! फळीच्या एका कडेला ओळीने बारीक खाचा होत्या. कुणीतरी तिथे कोयत्याची धार तपासली असणार. ती कड मी चिरण्याआधीच कापून टाकली होती आणि वाऱ्याने आपटणाऱ्या गोठ्याच्या दाराखाली पाचर म्हणून ठोकली.

गिटार तयार झाली आणि त्याच आठवड्यात बाळूदादाचा फोन आला. बाळूदादा माझा चुलतभाऊ, राहतो मुरबाडकडे, सरळगावच्या थोडं पुढे. त्याच्या निलेशचं लग्न ठरलं होतं.

"परकास, पाट कुनाकडं हाय रे?"

आता हा पाट समजावून सांगायला हवा. आमच्या भावकीत हळदीचा एकच पाट आहे. घरातलं पोर, मुलगा असो की मुलगी, हळदीला त्याच पाटावर बसतं. शेवटचं लग्न ज्याच्या घरी झालं त्याच्याकडे पाट राहतो आणि पुढचं लग्न ठरलं की तिकडे जातो. आणि पहिली हळद लावते जनाआत्या. माझ्या वडिलांची बहीण, भावकीतलं सगळ्यात जुनं माणूस, दात एकही नाही पण चावते अजून. ती स्वतः नवरी म्हणून त्या पाटावर बसली होती. त्या पिढीतली आता ती एकटीच उरली आहे. तिने बाळूदादाला निरोप धाडला होता, "पाट आनल्याबिगर मी हलदीला हात लावनार नाय. आन् मी नाय लावली तर कोन लावतो त्ये बघतेच!"

"दादा, तू बिनघोर राहा," मी म्हणालो. "पाट मी शोधतो!"

मी शोधमोहिमेचा अध्यक्ष झालो. स्वतःहून! वहीत भावकीतल्या घरांची यादी केली, बाणांच्या खुणा केल्या, दुचाकीवर गावोगाव फिरलो. हा म्हणाला त्याच्याकडे, तो म्हणाला ह्याच्याकडे. एका घरी तर मी माळ्यावर चढून त्यांच्या तांदळाच्या कणग्या हलवल्या आणि "नीट ठेवत जा रे वस्तू, वाडवडिलांच्या आहेत!" असं व्याख्यानही देऊन आलो. माधवी रोज रात्री जेवताना विचारायची, "सापडला?" मी म्हणायचो, "लोकांना काडीची जबाबदारी नाही." ती म्हणायची, "खरंय."

शेवटी हळदीला चार दिवस राहिले असताना वही घेऊन बाळूदादाकडे गेलो. तो खाटेवर डोकं धरून बसला होता.

"अरे, शेवटची हलद तुझ्याच लेकीची, सुजाताची ना?" तो म्हणाला.

"हो, पण आमच्याकडे जागा नव्हती म्हणून पाट मी कुणाकडे तरी पोचवला. टेम्पोतून! मला लख्ख आठवतंय, जड होता, दोघांनी उचलला."

"ती भाताची हंडी व्हती."

मी वहीत एक बाण खोडला.

"पोरं नाचता नाचता पाटावर पडली नि खालच्या पट्ट्या निखलल्या. तू म्हनलास, मी ठोकून देतो, माझ्याकडं हत्यारं हायेत. आठवतं का?"

अंधुक आठवलं. तरी मी सावरून विचारलं, "पाटाची काही खूण?"

"खून काय, डोला हाय ना त्याला! मोठी गाठ. एक डोला."

हुश्श! माझ्याकडच्या लाकडावर दोन डोळे होते. सुटलो! मी चहा घेतला, वर आणखी एक घेतला, "काळजी करू नकोस" म्हणालो आणि शीळ घालत निघालो. सरळगावच्या नाक्यावर येईपर्यंत शीळ चालू होती. तिथे समोरून एक शाळकरी पोरगी वही उघडून वाचत येत होती. डावं पान, उजवं पान.

मी गाडी थांबवली. एका डोळ्याची फळी उभी चिरली आणि वहीसारखी उघडली, तर डोळे किती होतात? (गेली पंचवीस वर्षं मी हा विषय पगार घेऊन शिकवतो.)

घरी आलो. माधवी तांदूळ निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ती फळी! पाट होता तो!"

"अहो, मीच तर गोणपाटात गुंडाळून ठेवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं ना, हे तुम्ही कापणार? मला वाटलं, भावकीत काहीतरी ठरलं असेल. पुढे तुम्ही शोधायला निघालात, तेव्हा वाटलं नाटक करताय. म्हटलं, किती छान करताय!"

आता एकच मार्ग होता. दोन दिवसांत मी नवा पाट ठोकला. चहाच्या उकळलेल्या पाण्याने, चुलीच्या काजळीने आणि तिळाच्या तेलाने त्याला ऐंशी वर्षांचा केला. बुटाच्या पॉलिशने मधोमध एक डोळा काढला. इतका जिवंत आला की मीच त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

हळदीच्या दिवशी मांडवात बेंजो पार्टी दणाणत होती. निलेश पिवळ्या बनियनवर तयार. मी पाट मांडला. भावकीने टाळ्या वाजवल्या. बाळूदादाने मला मिठी मारली. "मास्तरनी आनला!"

जनाआत्या काठी टेकत आली. पाटाकडे बघितलं. खाली वाकली. अंगठ्याला थुंकी लावली आणि डोळ्यावर फिरवली.

डोळा पुसला गेला.

"याला डोलं आलं वाटतं," आत्या म्हणाली. मग पाटाची कड चाचपली. "आन् माझी खाच कुठं हाय?"

"कसली खाच, आत्या?"

"हरेक लग्नाला एक खाच. माझी तिसरी. माझ्या बापानं मारली व्हती, कोयत्यानं. बोल, कुठं हाय खरा पाट?"

बेंजो थांबला. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. आत्याचा हात पाटाच्या कोऱ्या कडेवरून फिरतच राहिला, जणू खाच थोडी पुढे असेल. पन्नाशीचा माणूस वर्गातल्या पोरासारखा उभा होतो. मी मान खाली घातली आणि मांडवामागून गिटार आणली. (हळदीत दोन गाणी वाजवून टाळ्या मिळवायचा माझा बेत होता, म्हणून ती सोबत होती.) पाठ वर करून आत्यापुढे धरली. दोन डोळे.

कुणाला काही कळेचना. निलेश म्हणाला, "काका, गिटार मस्तय, पन पाट कुठाय?"

"हाच," मी म्हणालो.

"आन् खाचा?" आत्याचा आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात माधवी पुढे झाली. पिशवीतल्या साड्यांखालून तिने एक लाकडाची पट्टी काढली. माझ्या गोठ्याच्या दाराची पाचर! घासूनपुसून, तेल लावून आणली होती तिने.

आत्याने ती हातात घेतली. बोट फिरवलं. एक, दोन. तिसरीवर थांबलं. तिथे ती बराच वेळ अंगठा चोळत राहिली. मग पदराने नाक पुसलं आणि पुन्हा आपल्या मूळ आवाजात म्हणाली, "चला. बस रे पोरा यावर!"

आणि गिटारीकडे बोट केलं.

"आत्या, नको! चुरा होईल!" मी गिटारीवर आडवा पडलो.

"पाट हाय का नाय तो?"

"पाट आहे, पण बसायचा नाही राहिला!"

दहा मिनिटं भावकी खलबत करत होती. शेवटी असं ठरलं की निलेशने बसावं माझ्या नकली पाटावर आणि गिटार पालथी मांडीवर घ्यावी. पाचर तिच्यावर ठेवावी. लाकूड अंगाला लागलं म्हणजे झालं. तसा तो बसला. आत्याने पहिली हळद निलेशच्या गालाला लावली आणि दुसरी माझ्या चौदा महिन्यांच्या मेहनतीला. मागोमाग भावकीतल्या सगळ्या बाया. दोन्ही डोळे पिवळे झाले. बाळूदादाने पाचरीवर नवी खाच मारली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "शेवटचं लग्न आमच्याकडं. पाट आता इथंच राहील!" टाळ्या पडल्या. मी एकटाच वाजवत नव्हतो. आमच्या भावकीत आता लग्नाचं उरलेलं सगळ्यात मोठं पोर सध्या दुसरीत आहे, म्हणजे तोवर गिटार बाळूदादाकडेच.

गिटार उचलून देवापुढे ठेवायची म्हणून आत्याने ती उलटी केली. तिच्या बांगड्या तारांवर खसकन ओढल्या गेल्या आणि मांडवभर असा आवाज घुमला की बेंजोवाला दचकून खुर्चीवरून उठला. मी तारा अजून सुरात लावल्याच नव्हत्या. आत्याने गिटार हातभर लांब धरली, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली:

"ऐंशी वर्सं सगल्यांनी याच्यावर बूड टेकलं, कदी हूं की चूं नाय केलं, आन् या मास्तरच्या हातात गेला नि बोंबलायला लागला!"