अर्ध्या बोटाचा उतार

सरकारी विश्रामगृहातला सुतार मिस्त्री बोलायला कंजूष आणि रंधा मारायला उदार. तीस वर्षांत कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण नदीतल्या एका बेटावरून दोन शेजारी देश हातघाईवर आले, दूरच्या तिसऱ्या देशाने मध्यस्थी करायचं ठरवलं, आणि बोलणी याच विश्रामगृहात ठरली. बेट म्हणजे तरी काय, मूठभर वाळू आणि चार झुडपं. नदीला पूर आला की तेही पाण्याखाली. त्यापायी पुलावरचं फाटक नऊ वर्षं बंद होतं.

आणि फाटकापलीकडे मिस्त्रीची ताई दिली होती. पुलावरून चालत पंधरा मिनिटांची वाट. पत्र मात्र तिसऱ्याच देशातून फिरून सहा आठवड्यांनी यायचं, आणि दर पत्रात ताईचा एक प्रश्न ठरलेला, "मागचं दार अजून घासतं का रे?" वडीलही सुतारच. लहानपणी ताई लाकूड धरायची, हा तासायचा, आणि चुकला की टपली खायचा. आता घरात त्याची चूक काढणारं कुणी उरलं नव्हतं, याचं मिस्त्रीला फार वाईट वाटायचं.

दोन्हीकडच्या मंत्र्यांसाठी त्याने दोन खुर्च्या केल्या, अगदी सारख्या. पहिल्याच सकाळी पलीकडचे मंत्री बसले, आणि त्यांचे चिटणीस कडाडले, "आमचे साहेब खाली दिसताहेत!" सुतळी ताणून पाहिली, तर खरंच अर्धं बोट खाली. झालं! मिस्त्रीने आपल्या मंत्र्यांच्या खुर्चीचे पाय अर्धं बोट कापले. मग आपल्या चिटणिसांनी टेप लावली. "आमचे पाय आखूड!" आता पलीकडचे पाय कापले, तर सुतळी पुन्हा तिरकी.

"खाली पाचर मारू का, साहेब?" मिस्त्रीने विचारलं.

"आम्ही कुणाच्या टेकूवर बसत नाही," पलीकडचे चिटणीस म्हणाले.

वडील सांगायचे, आधी जमीन बघ, मग लाकूड. घाबरगुंडीत मिस्त्री नेमकं तेच विसरला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने फरशीवर पाणसळ ठेवून पातळी पाहिली. धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून दिवाणखान्याला दाराकडे उतार होता, बरोबर अर्ध्या बोटाचा. पलीकडचे मंत्री दाराकडे बसत होते, एवढंच. म्हणजे टेपही खरी आणि सुतळीही खरी. हे सांगायला तो धावत निघाला आणि व्हरांड्यात थबकला. जेवणाच्या खोलीत पलीकडचे मंत्री चिटणिसांना म्हणत होते, "बेटाचं काही जमायचं नाही. पण खुर्चीचा निकाल लागल्याशिवाय उठलो, तर पळाले म्हणतील."

म्हणजे निकाल लागला की हे उठणार! मिस्त्रीने तोंडातला शब्द गिळला आणि करवतीला धार लावली.

सहा दिवस तो कापत राहिला. एका तासाला सुतळीप्रमाणे, दुसऱ्या तासाला टेपप्रमाणे. शहाण्यासुरत्या माणसांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. मध्यस्थ बाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि अबोल. चौथ्या दिवशी त्यांची पेन्सिल टेबलावरून पडली आणि फरशीवरून घरंगळत दारापर्यंत गेली. बाईंनी पेन्सिलीकडे पाहिलं, दाराशी उभ्या मिस्त्रीकडे पाहिलं, पेन्सिल उचलून खिशात घातली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं चालू द्या." मिस्त्रीच्या जिवात जीव आला.

सहाव्या दिवशी पलीकडच्या मंत्र्यांना उठताच येईना. आपले मंत्री काटकुळे. ते कसेबसे उठले आणि त्यांनी हात दिला. तेवढ्यात फोटोवाल्यांनी फोटो काढला आणि हस्तांदोलन झाल्याची बातमी पसरली. मग बोलणी फिसकटली म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही. बाईंनी लागलीच कागद पुढे केला: बेटाचा वाद पुढे चालू, फाटक मात्र आठवड्यातून दोन दिवस उघडं. दोघांनी मुकाट सह्या केल्या. त्या खुर्च्यांवरून सुटायला ते काहीही लिहून द्यायला तयार होते.

पुढच्या मंगळवारी ताई आली. केस पिकलेले, पण चाल तीच. तिने आधी मागचं दार ढकलून पाहिलं. "घासतंयच!" मग भंगारातून घरी आणलेल्या मंत्र्यांच्या खुर्चीवर बसली, तशी थेट जमिनीलाच टेकली.

"हे काय रे? आधी जमीन नाही बघितलीस?"

"बघितली होती, ताई."

"मग?"

"मग कापत राहिलो."

टपली मारायला उचललेला हात ताईने त्याच्या डोक्यावरच ठेवला. मग नाक ओढून म्हणाली, "सहा दिवसांत मंत्र्यांच्या खुर्च्या संपवल्यास, आणि नऊ वर्षांत घरचं एक दार तासता आलं नाही?"

"धरायला कोण होतं?" मिस्त्री म्हणाला.

ताई उठली, बाह्या वर केल्या आणि दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हं. आण रंधा."