मावशीची न मिटलेली मूठ

बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या मावशीचा हात लेकरांच्या अंगावर जितका हलका, तितकाच आयांच्या पाठीवर जड. माझ्या सुमीच्या वेळी सव्वा महिन्यापुरती आलेली ही बाई सुमी दीड वर्षाची झाली तरी छावणीतून औरंगपुऱ्यात चालत यायची. मी सुमीवर हात उगारला की पहिला दणका मलाच बसायचा. तुमच्याही घरी अशी कुणी येऊन गेली असेल, पण इतकी मारकुटी नक्कीच नसेल.

सुमी कुठंही मुतायची. नणंदेची पोरगी वर्षाचीच सांगायला लागली, हे सासूबाई दिवसातून दहादा ऐकवायच्या. मग मी सुमीला मोरीत पायांवर दाबून बसवायची. ती ताठ व्हायची, किंचाळायची आणि बाहेर येऊन सतरंजीवर करायची. खोटं कशाला बोलू? बोटं उमटेपर्यंत मारायची मी.

मावशी म्हणायची, "तिला कळतच नाय अजून. निजून उठल्यावर दुपटं कोरडं निघू दे. ओली चड्डी तिची तिला नकोशी होऊ दे. करायच्या आधी दाराआड जाऊन उभी ऱ्हाऊ दे. मग बसव. तवर गप ऱ्हा की!"

मी कसली गप्प बसतेय! एका सकाळी सुमीनं देवाच्या पाटाशीच केलं. सासूबाई म्हणाल्या, "चटका दे, जन्माची आठवण राहील." तेव्हा देत असत असे चटके. माझं डोकंच फिरलं. उलथनं चुलीत लाल केलं आणि सुमीचा पाय धरला. मावशी तेलाची वाटी घेऊन दारात आली होती. तिनं वाटी फेकली आणि ते उलथनं मुठीत पकडलं. कातडं जळाल्याचा वास सुटला. दुसऱ्या हातानं तिनं माझ्या अशी थोबाडीत दिली की मी भिंतीवर आदळले.

"मला दे चटका! मीच मुतले समज! दे की!"

सासूबाईच धावत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

पुढं तीनेक महिन्यांनी सुमी दुपारची कोरडी उठली आणि दाराआड जाऊन उभी राहिली. "आता ने," मावशी म्हणाली. सुमी मोरीत मुकाट बसली. मीच हमसून हमसून रडले.

मावशी गेली त्याला आता लई वर्षं झाली. तिची उजवी मूठ शेवटपर्यंत नीट मिटली नाही, आणि ते पाप माझं आहे.

परवा सुमीच्या पोरानं गादी ओली केली. सुमीनं हात उगारला आणि मी तिच्या पाठीत असा दणका घातला की ती बघतच राहिली.

"दुपटं कोरडं निघतंय का त्याचं?" मी ओरडले. "नाय ना? मग गप ऱ्हा की!"