अळणी कण्या

कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी. पाण्यात शिजवायची, वरून ताक घालायचं. बीबी या आमच्या गावी, घरी हे बारमाही खाणं. आजही कण्यांचा पहिला घास घेताना चुलीपाशी कुणीतरी थांबलंय असं मला वाटतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या एका घासापुरता मी घाबरतो, हे कबूल करतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी देऊळगाव राजाला मास्तर होतो आणि खाणावळीत जेवत होतो. तर्रीदार रस्सा, वर मूठभर शेव, शेवटी पाकातली जिलबी. जिभेचे इतके चोचले पुरवले की गावी आलो तरी घरच्या जेवणापुढे नाकानं कांदे सोलायचो. मग कावीळ झाली. डॉक्टरांनी तेल, तिखट, बाहेरचं सगळं बंद केलं आणि मला घरी धाडलं.

घरी फक्त आत्या होती. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं कण्यांची वाटी पुढे ठेवली. चिमूटभर मीठ आणि ताक, बाकी काही नाही. एका घासात मी वाटी सरकवली.

"माती आहे ही."

"चावून खाय, बापू," ती म्हणाली. "जवारीले घाई चालत नाही."

मग रोज दोन्ही वेळा ती समोर बसून विचारायची, "आज लागली काय रे गोड?" मी म्हणायचो, "माती." ती स्वतः माझं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून जेवायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी, चैत्रातल्या एका दुपारी, मला खरीखुरी भूक लागली होती. चावता चावता दाढेखाली ज्वारीची गोडी सुटली. ताकाचा आंबटपणा, धुराचा वास, मिठाचा खडा, सगळं वेगवेगळं कळलं. माझे डोळे मिटले होते. उघडले तर आत्या टक लावून बघत होती.

"लागली ना?"

इतक्या आशेनं विचारलं तिनं, की मला रागच आला. दोन महिने तोंड वेंगाडून आता हो कसं म्हणायचं? ही गल्लीभर हसत सांगत सुटेल. "मातीच आहे," मी म्हणालो, आणि अर्धी वाटी तशीच ठेवली. ठेवताना जीव तुटत होता. पुढे आठ दिवस मी हेच केलं.

नवव्या दिवशी ती जळणासाठी शेतात कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटायला गेली आणि बांधावर कोसळली. बैलगाडीतून घरी आणली. संध्याकाळपर्यंत गेली. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले.

शेजारच्या काकू मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अंगात तरान कुठून राहीन? दोन महिने मिठाले शिवली नाही."

"काऊन? मीठ का सोडलं तिनं?" मी विचारलं.

"तुह्या जिभेले कण्या गोड लागतीन तवाच मीठ खाईन, असं देवापाशी बोलली होती. तुले सांगू नको म्हणे. नाही तं तू खोटंच हो म्हणशीन."

आणि मी खोटंच 'नाही' म्हणत होतो.

तेराव्याला काकूंनी आत्याच्या पानासाठी कण्या शिजवल्या, त्याही अळणी. नवस फिटला नव्हता, म्हणाल्या. तेव्हा मला राहवलं नाही. सगळ्या भाऊबंदांसमोर मी सांगून टाकलं, की मला गोड लागत होत्या, आठ दिवस लागत होत्या. लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

काकूंचा हात थांबला. "हे तिले सांगाचं होतं ना, बाप्पा."

मी मिठाची वाटी ओढली आणि तिच्या पानातल्या कण्यांवर मीठ भुरभुरलं. कमी पडलं की जास्त झालं, ते सांगणारं कुणी नव्हतं.