दोन कोटी वर्षं जास्तीची

प्रयोगशाळेतल्या मावशींना एकोणतीस वर्षांत कुणी नावानं हाक मारली नव्हती. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. काम काय, तर भांडी धुणं. पण भांडी अंगठ्याएवढी, आणि धुणं म्हणजे दोन-दोन आठवडे गरम अ‍ॅसिडात ठेवणं. आकाशातून पडलेल्या दगडातले पांढरे कण त्या भांड्यांत विरघळवायचे आणि त्यांच्यातलं शिसं मोजायचं. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून कणाचं वय निघतं. हे कण सूर्यमालेतले सगळ्यात थोरले, म्हणून सूर्यमालेचं वयही त्यांच्यावरूनच ठरतं.

गोम एवढीच, की शिसं धुळीत असतं, भिंतीच्या रंगात असतं, कुठेही असतं. बाहेरचं जरासं आत शिरलं की गणित बोंबललं. म्हणून अधूनमधून दगड न घालताच सगळी कृती करून बघायची. त्याला म्हणायचं ब्लँक. ब्लँकमध्ये शिसं जवळजवळ निघताच कामा नये, आणि मावशींच्या ब्लँकमध्ये ते कधी निघालं नव्हतं. घरच्यांना मात्र या स्वच्छतेचा जाच होता. जावई सासुरवाडीला यायचा तो नवे कोरे मोजे खिशात घेऊन.

मग नवे संचालक आले. आले तेव्हा डोकं पांढरं. महिन्याभरात करडं झालं, पुढच्या महिन्यात काळंभोर. साहेब तरुण झाले आणि रोज फोटोग्राफरला काचेबाहेर उभा करून स्वच्छ खोलीत भांड्यांवर वाकायला लागले. आत टोपी घालायचा नियम, पण टोपीनं भांग मोडतो.

"साहेब, टोपी," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, मी संचालक आहे!"

जसं काही शिसं हुद्दा विचारूनच आत शिरतं!

आणि चमत्कार झाला. संशोधन करणाऱ्या पोरीनं मोजलेला कण जगातल्या सगळ्या कणांपेक्षा दोन कोटी वर्षांनी जुना निघाला. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. गुरुवारी पत्रकार बोलवायचं ठरलं, निमंत्रणं गेली.

पोरगी चाचरत म्हणाली, "सर, पण ब्लँक चाळीसपट वाढलाय. बाहेरचं शिसं मिसळलं की वय जास्तच येतं."

"मग ब्लँक वजा करा. आणि मावशींकडून खुलासा मागवा. वय झालंय त्यांचं, भांडी धड निघत नाहीत."

वा रे न्याय! आकडा साहेबांचा, मळ मावशींचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हातात नोटीस पडली: तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कॅन्टीनमध्ये कपबशा धुवायला बदली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग भांड्यांच्या खोलीचं दार लावून त्या रडल्या. कपबशांची लाज नव्हती हो. पण एकोणतीस वर्षं सांभाळलेलं नाव असं घाण होऊन जावं, हे सोसवत नव्हतं.

मावशींचा नवरा न्हावी. जेवताना त्यानं विचारलं, "आत येतं कोण कोण?"

"मी, पोरगी. हल्ली साहेब."

"ते काळे झालेले? एका दिवसात झाले का हळूहळू?"

"हळूहळू."

"मग झालं तर! अगं, हळूहळू काळे करतो तो रोज लावायचा जुन्या पद्धतीचा कलप. त्यात शिसं असतं. मी आजवर एका गिऱ्हाइकाला लावला नाही."

मावशींचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब वाकतात तिथून त्यांनी चिमट्यानं दोन काळे केस उचलले. एक पोरीला मोजायला दिला. संध्याकाळी पोरगी पोट धरून हसत आली. "मावशी, या केसाचं वय सूर्यापेक्षा जास्त येतंय!"

"दात काढू नकोस. आकडा लिहून दे."

बुधवारी मावशी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. खुलासा दोन ओळींचा होता: साहेब रजेवर असतात तेव्हा ब्लँक स्वच्छ येतो. साहेबांचा दुसरा केस आकड्यासह सोबत जोडला आहे.

साहेबांचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"पोरीला. आणि आमच्या ह्यांना. पण ते न्हावी आहेत, गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं बाहेर काढत नाहीत."

"मावशी, निमंत्रणं गेलीत हो!" पहिल्यांदाच साहेब आपल्या वयाचे वाटले.

"तुमची निमंत्रणं गेलीत, साहेब. माझं नाव गेलंय."

गुरुवारी दारावर 'तांत्रिक अडचण' अशी पाटी लागली. मावशींनी भांडी पुन्हा धुतली, पोरीनं दुसरा कण मोजला, आणि जास्तीची दोन कोटी वर्षं आली तशी गेली.

त्यानंतर एका सकाळी साहेब स्वच्छ खोलीत आले. डोकं तुळतुळीत, वर टोपी, हातात ती नोटीस.

"मावशी, चूक माझी होती. ही तुमच्यासमोरच फाडतो."

"अहो, अहो! कागद आत आणलात? फाडू नका, धूळ उडते! व्हा बाहेर आधी!"

साहेब मुकाट बाहेर गेले. व्हरांड्यात चहाला सगळं ऑफिस जमलं होतं. त्या सगळ्यांसमोर त्यांनी नोटीस फाडली. चार तुकडे झाले.

मावशींनी काचेतून बोटांनी खूण केली: अजून बारीक.